एका ‘नाही’ची शिकवणी

जयपुरात मला पहिल्यांदा कुणी ‘नाही’ म्हटलं, त्या दिवशी मी इतकी हरखले की घरी येऊन शिरा केला. साजूक तुपातला, बेदाणे घालून. नवरा म्हणाला, “काय झालं? बढती?” मी म्हटलं, “त्याहून मोठं. आज साहेब मला तोंडावर ‘होणार नाही’ म्हणाले.” नवऱ्याने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मी गोष्टी वाढवून सांगते, असं हा नवरा चारचौघांत सांगत असतो. तो विमा कंपनीत आहे. घर जळालं म्हटलं तरी तो आधी राख आणून दाखवा म्हणेल. त्याच्या बदलीमुळेच आम्ही इथे मालवीय नगरात येऊन पडलो. पण पुढे लिहिते आहे त्यातलं अर्धं त्याच्या डोळ्यांदेखत घडलं, आणि जे घडलं नाही तेही घडण्याच्या अगदी बेतात होतं.

मी मिरजेची. सतारी-तंबोऱ्यांचं गाव. आमच्याकडे माणसंसुद्धा तारेसारखी ताणलेली असतात, जरा छेडलं की लगेच वाजतात. दुकानदाराला “कोथिंबीर ताजी आहे का?” विचारलं, तर तो “डोळे नाहीत का?” म्हणतो, आणि दोघांचाही दिवस चांगला जातो. अशा गावातून आलेल्या बाईला जयपुरात नोकरी लागली ती सरकारी कचेऱ्यांची कामगिरी सुधारण्याची. आमची एक छोटी संस्था होती. तिला शहरातल्या एका झोन ऑफिसचं काम मिळालं. दिवे, गटारं, नाले, कचरा, दाखले, सगळं त्या ऑफिसकडे. कुठलं ऑफिस ते विचारू नका. सांगितलं तर तिथला चहा बंद होईल, आणि तसा चहा पृथ्वीवर दुसरीकडे नाही.

पहिल्या दिवशी मी गेले ती संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी. मनात केवढी कल्पना लढवली होती म्हणून सांगू! सरकारी माणूस खेकसतो, लोक चिडतात, म्हणून कामं अडतात, असं आम्ही संस्थेत बसून ठरवलं होतं. तेव्हा पहिला धडा: गोड बोला. आणि गोड बोलायचं पेटंट तर आपल्या मराठी माणसाकडे! मी घरून डबाभर तिळगूळ केला, फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ लिहिलं, त्याचा हिंदीत अर्थ सांगितला, आणि सगळ्या कर्मचाऱ्यांच्या हातावर एकेक लाडू ठेवला.

इतिहासात एवढी चुकीची शिकवणी कुणी घेतली नसेल. माशाला पोहायला शिकवणं त्यामानाने शहाणपणाचं.

कारण त्या ऑफिसात आधीच इतकं गोड बोलत, की भिंतींना मुंग्या लागायच्या बाकी होत्या. ऑफिसचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं ‘साब’ म्हणत, ते पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. कुणी तक्रार घेऊन आलं, की हे उठून उभे राहत. “पधारो सा! धूप में आए हो, पहले बैठो.” मग पाणी. मग चहा. मग प्याज कचौरी. माणूस निम्मी कचौरी खाऊन म्हणे, “साब, वो सीवर का…” साब छातीवर हात ठेवत, त्याला राजासारखं ‘हुकम’ म्हणत. “हो जाएगा हुकम. समझो हो ही गया.” माणूस डोळे पुसत घरी जाई. सीवर तिथेच वाहत राही.

‘नाही’ हा शब्द साबांच्या घराण्यात कुणी उच्चारलाच नव्हता. त्यांच्या लग्नात म्हणे वधूपक्षाने विचारलं, “मुलगा दारू पितो का?” यांनी समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून “हो जाएगा” म्हटलं होतं.

माझ्या शिकवणीनंतर तर कहर झाला. गोडवा दुप्पट. लोक तक्रार नसतानाही येऊ लागले. दारातला दिवा बंद आहे म्हणून सांगायला येणारे एक निवृत्त शिक्षक होते, त्यांना सगळे ‘माट्साब’ म्हणत. ते रोज यायचे. इतके रोज, की एकदा कारकून जेवायला गेला तर माट्साब त्याच्या खुर्चीवर बसले आणि आलेल्या बाईला आपणहून म्हणाले, “हो जाएगा सा, चिंता मत करो.” बाई समाधानाने गेली. त्या दिवसापासून माट्साब अर्धवेळ सरकारी कर्मचारी झाले. स्वतःचा दिवा मात्र बंदच.

महिन्याचा अहवाल आला. लोकांचं समाधान आकाशाला भिडलेलं, झालेली कामं पाताळात. आमच्या संस्थेच्या प्रमुख बाईंनी मला विचारलं, “हे कसं?” मी म्हटलं, “मॅडम, माझं यश आहे हे.” त्या हसल्या नाहीत.

हसले नाहीत ते साबही. त्या दिवशी सगळे गेल्यावर त्यांनी मला थांबवलं. “बहनजी,” ते म्हणाले, “एक बात कहूँ?” आणि मग त्यांनी जे सांगितलं, त्यामुळे माझा सगळा वात्रटपणा दोन मिनिटं गप्प बसला.

साबांनी आयुष्यभर भाड्याच्या घरात दिवस काढले होते. आणि जयपुरात माणूस भाड्याने राहतो म्हणजे काय, तर संक्रांतीला दुसऱ्याच्या गच्चीवर पतंग उडवतो. घरमालकाची मुलं आधी, पाहुणे नंतर, हे सगळ्यांत शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात, उरलेल्या वाऱ्यावर. आता कुठे वैशाली नगरात त्यांचं स्वतःचं घर उभं राहत होतं. खोल्या दोनच, पण गच्ची! साबांनी हात पसरून दाखवली. त्यांच्या हातांवरून ती गच्ची साधारण सांभर तलावाएवढी असावी. चारी बाजूंनी वारा, आसपास एकही उंच इमारत नाही. पुढची संक्रांत तिथे.

“और बड़े साहब ने कह दिया है,” साब म्हणाले, “जानेवारीच्या आढाव्यात आपलं ऑफिस पुन्हा शेवटचं आलं, तर मला सीमेकडे पाठवणार. तिथे, बहनजी, पतंग अडकायला झाडसुद्धा नाही.”

मी म्हटलं, “काळजी नको साब, हो जाएगा.”

म्हणजे मलाही लागण झाली होती.

पावसाळा आला. जयपुरात पाऊस पडतो थोडा, पण पडतो तेव्हा आपल्या गल्लीचा पत्ता घेऊन येतो. आमच्या दारासमोरच्या गटाराला झाकण नव्हतं. मी साबांना आधीच सांगितलं होतं. साब म्हणाले होते, “कल ही.” मग दरवेळी सांगितलं, आणि दरवेळी तेच, “कल ही.” मी दरवेळी चहा पिऊन खूश होऊन परत. एका संध्याकाळी गल्लीत गुडघाभर पाणी होतं, नवरा स्कूटरवरून येत होता, आणि स्कूटरचं पुढचं चाक बरोब्बर त्या भोकात गेलं. स्कूटर नाकावर उभी राहिली आणि नवरा पाण्यात बसला. हेल्मेट घालून, बॅग मांडीवर, गळ्याशी पाणी, चेहरा अगदी शांत. शेजारच्या काकूंनी वरून ओरडून विचारलं, “भैया, लगी तो नहीं?” हा म्हणाला, “नहीं जी, बस बैठा हूँ.” बघा, याच्याही तोंडात तो गोडवा मुरला होता! माझं टाळकंच सरकलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तेव्हा सगळी मिरज माझ्या अंगात आली होती. साब उठले. “पधारो सा, चाय…”

“चहा गेला खड्ड्यात! नवराही गेला!” मी मराठीतच सुरू झाले. “होणार नसेल तर एकदा ‘नाही’ म्हणून टाका ना! एकदा! नाही म्हटलं म्हणून जीभ झडते का तुमची?”

भाषा त्यांना कळली नसेल, पण सूर सगळ्या राजस्थानला कळला. माट्साबांच्या हातातला चहाचा कुल्हड थांबला. पंखासुद्धा हळू फिरू लागला, खोटं नाही सांगत. साबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले,

“नहीं होगा, बहनजी. ढक्कन हैं ही नहीं. गोदामात एकही झाकण शिल्लक नाही. आणि नवीन कधी येणार ते मलाही ठाऊक नाही.”

आणि काय सांगू, माझ्या डोक्यातला सगळा धूर एकदम निवळला. आनंदच झाला! इतके महिने मी एका झाकणाची वाट पाहत होते, जे जगात नव्हतंच. आता नाही, तर नाही. मग दुसरं काय घालायचं? हे विचारायलाही मला त्या ‘नाही’पर्यंत यावं लागलं होतं.

साबही विचारात पडले. मग म्हणाले, “माझ्या गच्चीचं काम झालंय, त्यातली दगडाची एक पट्टी उरली आहे.” संध्याकाळी टेम्पोतून दगडाची ती लांबरुंद, जाड पट्टी आमच्या दारात आली, गटारावर बसली, आणि आजही आहे. तिच्यावरून हत्ती जाईल. नवरा म्हणतो, “हत्ती जाताना मी पाहिलेला नाही.” पण मालवीय नगरात हत्ती येत नाहीत, याला मी काय करू?

तर तो दिवस शिऱ्याचा.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावरचं ‘गोड बोला’ पुसलं, आणि साबांना मागच्या खोलीत बसवून ‘नाही’चा वर्ग काढला. विद्यार्थी एक. विषय एक. प्रगती शून्य.

“मी नागरिक. मला उद्या नवा नळ हवा. म्हणा, नहीं होगा.”

“नहीं…” साब म्हणाले. त्यांच्या मिशा थरथरल्या. “नहीं-नहीं, क्यूँ नहीं होगा! आप बैठो तो सही!”

“साब!”

“बहनजी, सामनेवाले का मुँह उतर जाता है.”

“उतरू दे. घरी गेल्यावर पुन्हा चढतं.”

मी त्यांना डोळे मिटून म्हणायला लावलं. पाठ करून म्हणायला लावलं. भिंतीकडे तोंड करून म्हणायला लावलं, तर भिंतीलाही त्यांनी चहा विचारला. शेवटी मी ब्रह्मास्त्र काढलं. मिरजेला आईला व्हिडिओ कॉल लावला. म्हटलं, “आई, हे साहेब आहेत. यांना ‘नाही’ म्हणायला शिकायचंय. जरा म्हणून दाखव.”

आई भाजी निवडत होती. तिने चष्म्यावरून साबांकडे पाहिलं.

“काय हवंय यांना?”

साब हात जोडून म्हणाले, “माताजी, आशीर्वाद दीजिए.”

“नाही,” आई म्हणाली. आणि पुन्हा भाजी निवडू लागली.

साब थक्क. “फिर से,” ते पुटपुटले. आईने मेथीची जुडी खाली ठेवली. “अहो, त्यात काय आहे? आधी ‘नाही’ म्हणायचं. मग का नाही, ते सांगायचं. मग काय होईल, ते सांगायचं. उलटं केलं की माणूस शेपूट धरून हत्ती शोधत बसतो. तुमचा आशीर्वाद आता नाही, माझे हात मातीचे आहेत. हात धुतले की देते. कळलं?” आणि खरंच, हात धुऊन आली आणि दिला.

मी ते सगळं हिंदीत समजावलं. साबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. नाही, का नाही, मग काय. एवढंच! आमच्या संस्थेने जाडजूड पुस्तिका छापली होती, ती मी त्या दिवसापासून चहाच्या पातेल्याखाली ठेवली.

पहिला बळी माट्साब. साबांनी त्यांना समोर बसवलं, डोळे मिटले, आणि म्हणाले, “माट्साब, आपके दरवाज़े की लाइट नहीं होगी.”

माट्साबांनी कचौरी खाली ठेवली. पहिल्यांदाच.

“वो खंभा हमारा नहीं है,” साब एका दमात म्हणाले. “बिजलीवालों का है. पण गल्लीच्या तोंडाशी आमचा एक खांब आहे. त्यावर मोठा दिवा लावतो, उजेड तुमच्या दारापर्यंत येईल.”

दिवा लागला. माट्साब दुसऱ्या दिवशी आले ते रागाने लाल. “लगा दी? अब मैं किस बहाने आऊँ?” त्यांचाही प्रश्न खरा होता. साब म्हणाले, “बहाने से नहीं. ऐसे ही आओ. पर कुर्सी पर बैठकर किसी को ‘हो जाएगा’ नहीं बोलोगे.” माट्साब कबूल झाले, आणि दिवाळीपर्यंत त्या ऑफिसातला सर्वांत करडा ‘नहीं’ त्यांचाच झाला. लोक त्यांना टाळून साबांकडे जात.

सुरुवातीला गोंधळ झाला. एका गृहस्थाला ‘नहीं होगा’ म्हटल्यावर त्याला वाटलं, आपण चुकून दुसऱ्या राज्यात आलो. तो बाहेर जाऊन पाटी वाचून आला. पण हळूहळू लोकांना कळलं, की इथे ‘नाही’ म्हणतात ते खरं असतं, म्हणजे ‘हो’ म्हणतात तेही खरं असणार. चहा पूर्वीइतकाच गोड राहिला. कामं होऊ लागली. फक्त एक घोटाळा झाला. लोकांच्या समाधानाचा आकडा कोसळला. उद्धटपणाच्या तक्रारी वर गेल्या. कागदावर साबांचं ऑफिस शहरातलं सर्वांत तुसडं ऑफिस झालं, आणि जानेवारीचा आढावा तोंडावर आला. गच्चीचा कठडासुद्धा रंगवून झाला होता.

आढाव्याच्या दिवशी मी मागच्या रांगेत बसले होते. लांबलचक टेबल, सगळ्या झोनचे अधिकारी, मधोमध बडे साहब. संक्रांत तोंडावर, आणि कटलेल्या पतंगांमागे धावणारी पोरं दरवर्षी नाल्यात पडतात, म्हणून बडे साहेबांचा एकच प्रश्न होता: “संक्रांति से पहले आपका नाला साफ़ हो जाएगा?”

“हो जाएगा सर,” पहिला म्हणाला.

“बिल्कुल सर.”

“समझिए हो गया सर.”

बडे साहब प्रत्येकाला मान डोलावत पुढे सरकत होते. साबांचा नंबर आला. ते उठले. त्यांनी पाणी प्यायलं. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी भाजी निवडल्यासारखी बोटं हलवली.

“हुकम,” साब म्हणाले, “नहीं होगा.”

आता माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, खिडकीवरची कबुतरं उडाली. एसीने श्वास रोखला. बडे साहेबांनी चष्मा काढला. बहुधा नोकरीला लागल्यापासून हा शब्द त्यांनी ऐकला नव्हता.

“क्या कहा?”

“नहीं होगा. नाला साफ करायचं मशीन एकच आहे. बाकी सगळ्यांनी आत्ता ‘हो जाएगा’ म्हटलं, ते त्याच मशीनच्या भरवशावर. आणि ते मशीन पावसाळ्यापासून यार्डात बंद पडलं आहे.”

खोलीभर कागद चाळले गेल्याचा आवाज. बडे साहेबांनी पहिल्याला विचारलं, “आपका नाला किससे साफ़ होगा?” त्याने दुसऱ्याकडे पाहिलं. दुसऱ्याने तिसऱ्याकडे. अशी नजर टेबलाला फिरून परत पहिल्याकडे आली, आणि त्याने छताकडे पाहिलं.

“तो होगा क्या?” बडे साहब साबांकडे वळले.

“आज मशीन दुरुस्तीला पाठवलं तर नाला होळीपर्यंत होईल. तोवर नाल्याच्या काठाला बांबूचं कुंपण घालू. आमचं अर्धं झालंय. पोरं पडणार नाहीत.”

बडे साहेबांनी तिथल्या तिथे मशीनसाठी फोन लावला. मग समोरचा कागद उचलला. मला मागूनही दिसलं, तो समाधानाचाच कागद होता.

“आपके यहाँ से शिकायत है, कि आप लोग मुँह पर मना करते हैं.”

“जी.”

“और मैंने आपको बॉर्डर भेजने की बात की थी. जाएँगे?”

साबांची गाडी आता उतारावर सुटली होती. ब्रेकच नव्हता.

“नहीं,” ते म्हणाले.

सगळ्या टेबलाने एकदम श्वास घेतला. साबांनाही मागून कळलं आपण काय बोललो ते, आणि त्यांचा चेहरा मिशांइतका पांढरा झाला. पण आईचा धडा अंगात भिनलेला. नाही झालं, आता का नाही, मग काय. “घर नया है, हुकम. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गच्ची आहे. रिटायरमेंटला थोडे दिवस उरलेत, तेवढे इथे काम करू द्या. नाले मी बघतो. सगळ्या झोनचे.”

बडे साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग ओठांच्या कोपऱ्यातून हसू आलं, मग सगळं हसू आलं. “एक आदमी तो रखना पड़ेगा जो सच बोले,” ते म्हणाले. “बैठिए. कहीं नहीं जाएँगे आप.”

साब बसले. खरं तर कोसळले. मी मागे टाळ्या वाजवल्या आणि सगळे माझ्याकडे बघू लागले, तेव्हा डास मारल्याचं नाटक केलं.

संक्रांतीला आम्ही सगळे वैशाली नगरात गेलो. गच्ची सांभर तलावाएवढी नव्हती. दोन खाटा टाकल्या तर संपली असती. पण वर सगळं आभाळ होतं, रंगीत ठिपक्यांनी खचाखच, गच्च्यागच्च्यांवर भोंगे, आणि चहूकडून “वो काटा!” साब कठड्याशी उभे, हातात मांजा, डोळे पतंगाला चिकटलेले. माट्साब खाली खुर्चीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवर सोडायला नकार देत होते.

मी तिळगुळाचा डबा उघडला. साबांनी नजर न काढता हात पसरला, दोन लाडू तोंडात टाकले.

“आता गोड बोला,” मी म्हटलं. “साब, जरा चहा मागवा की.”

“नहीं. दूध ख़त्म. शाम को मिलेगी.”

“बरं, मग मला एक पतंग उडवू द्या.”

“नहीं,” साब म्हणाले. “अपनी छत है. आज मैं उड़ाऊँगा. शाम तक. आप चरखी पकड़ो.”

मी मांज्याची चरखी पकडली. नवरा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसत होता. तेवढ्यात साबांनी शेजारच्या गच्चीवरचा पतंग काटला, आणि सगळं वैशाली नगर ऐकेल अशी आरोळी ठोकली. मिरजेपर्यंत गेली म्हणे. संध्याकाळी आईचा फोन आला होता, “कोण ओरडलं गं?” म्हणून. नवऱ्याला विचारू नका, फोन आला तेव्हा तो चहाच्या शोधात खाली गेला होता.